मोटर बसवण्याआधी गाडी ढकलून बघा

शेल इको-मॅरेथॉनसारख्या, कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर कापायच्या स्पर्धेसाठी टीम जमली की पहिला वाद मोटर कुठली घ्यायची यावरच होतो. आमच्यातही महिनाभर तेच चाललं होतं. माझ्याकडे चाकांचं आणि ब्रेकचं काम होतं. दोन हंगाम गाडीखाली झोपून काढल्यावर नव्या मुलांना मी एकच सांगते: मोटर नंतर. आधी गाडी नुसती ढकला आणि किती वेळ पळते ते मोजा.

गाडी ४० किलोची, ड्रायव्हर ५० किलोचा. टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा (फिरताना टायर जो विरोध करतो त्याचा) गुणांक ०.००५ असेल तर गाडीला साधारण ४.४ न्यूटन विरोध होतो. ०.००२ असेल तर जेमतेम पावणेदोन. बॉडीचा आकार चांगला जमला असेल तर ताशी २५ किलोमीटरला हवेचा विरोध एक-सव्वा न्यूटन. म्हणजे या वेगाला हवेपेक्षा चाकंच जास्त खातात. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या पॅक-कार २ या गाडीने २००५ साली हायड्रोजनवर, पेट्रोलच्या हिशेबात, लिटरला ५,३८५ किलोमीटर काढले. त्या गाडीचं वजन होतं ३० किलोच्या आसपास.

चाचणी पहाटे घ्या, वारा पडलेला असतो. ड्रायव्हर हेल्मेटसकट आत, टायरमध्ये स्पर्धेत भराल तेवढीच हवा. वेग ताशी १५ किलोमीटरपर्यंत गेला की सोडून द्या आणि १० वरून ५ वर यायला लागलेले सेकंद मोजा. वरच्या हिशेबात ०.००२ च्या टायरांना साधारण ६५ सेकंद लागतात, ०.००५ च्या टायरांना २८.

रस्ता सपाट दिसतो, पण असतोच असं नाही. किलोमीटरला फक्त एक मीटर उतार असला तरी ०.९ न्यूटनचा फरक पडतो, आणि अख्खा विरोधच दोनच्या आत आहे! म्हणून दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या. सरासरी सेकंदांची काढू नका, वेग ज्या दराने कमी झाला त्या दराची काढा.

आमच्या गाडीचं मागचं चाक स्टँडवर बोटाने ढकललं तरी फिरतच राहायचं. रस्त्यावर मात्र ४० सेकंदांतच खेळ संपायचा. दोन दिवस आम्ही टायरलाच दोष देत होतो. मग गाडी जमिनीवर असताना डिस्क आणि ब्रेक पॅडच्या फटीत कागदाची पट्टी सरकवली. रिकाम्या गाडीत पट्टी सहज फिरली. ड्रायव्हर बसला आणि ती जागीच अडकली. वजनाने अ‍ॅक्सलचा ब्रॅकेट वाकत होता आणि पॅड डिस्कला घासत होता. ब्रॅकेटला आडवी पट्टी वेल्ड केली, वेळ ५८ वर गेला. तेव्हापासून मी कुठलंही माप ड्रायव्हरला बसवल्याशिवाय घेत नाही.

पुढच्या चाकांचं अलाइनमेंटही तसंच. दोन्ही रिममधलं अंतर अ‍ॅक्सलच्या उंचीला पुढून आणि मागून मोजा. फरक शून्यावर येईपर्यंत टाय रॉड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, फिरवा. मिलिमीटरवर समाधान मानू नका, चाक तिरकं असेल तर टायर सतत घासत राहतो. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस धुऊन पातळ तेल घाला, मात्र धुळीपासून जपा.

प्रत्येक बदलानंतर चाचणी पुन्हा. एका वेळी एकच बदल.

आता मोटर. ताशी २५ ला एकूण ३ न्यूटन विरोध असेल तर एकसारख्या वेगासाठी चाकाशी सुमारे २० वॉट पुरतात. चढ आणि जागेवरून निघणं यांची बेरीज त्यावर करा आणि मग कॅटलॉग उघडा.