उजेडानं जंतू मारायच्या लॅबमध्ये यायचं असेल तर

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी यवतमाळला, एमएस्सी अमरावतीला, आता पीएचडीचं चौथं वर्ष. विषय उजेडानं काम करणारे नॅनोपार्टिकल, म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक कण, जे औषधाला न जुमानणारे जंतू मारतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणे, मग मे महिन्यात आपल्या वावरात एकही जंतू जिता राहाले नको.

तर भाऊ, नुसता लाल उजेड पाडून काही होत नाही. मध्ये असा पदार्थ लागतो जो उजेड पितो आणि ती एनर्जी शेजारच्या ऑक्सिजनला देतो, जसं मेथिलीन ब्लू हा निळा रंग, साधारण ६६० नॅनोमीटरचा उजेड घेते. त्यातून जो सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे एनर्जी चढलेला ऑक्सिजन, बनतो तो पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, म्हणून जिथे बनला तिथलंच सगळं जाळतो, मेम्ब्रेन (जंतूचं पातळ आवरण), प्रोटीन, डीएनए. अँटिबायोटिकचं एखादंच टार्गेट असतं, जंतूनं ते बदललं की औषध बाद. इथे मार चहूबाजूंनी बसतो, म्हणून रेझिस्टन्स यायला जड जातं. आयडिया जुनीच आहे, १९०० साली म्युनिकच्या ऑस्कर राबनं छापलं होतं की रंग टाकलेल्या पाण्यातले पॅरामेशियम, म्हणजे एका पेशीचे जीव, उजेडात मरतात. गोल्ड नॅनोरॉडचं, म्हणजे सोन्याच्या बारीक कांड्यांचं, प्रकरण वेगळं, ते उजेडाची उष्णता करतात.

उष्णतेवरून माझी फजिती सांगतो. पहिले सहा महिने मी हॅलोजन बल्ब लावून काम केलं, जंतू वाढवायच्या प्लेटा एकदम साफ, मी हवेत. मग सरांनी विचारलं, पार्टिकल न टाकता नुसता उजेड दिलेली प्लेट कुठाय? ती लावलीच नव्हती. लावली तर तीही साफ. थर्मामीटर घातला तर सॅम्पल ५५ डिग्रीवर, म्हणजे मी सहा महिने जंतू शिजवत होतो! त्यामुळे चार प्लेटा पाहिजेच: काहीच नाही, नुसता उजेड, अंधारात पार्टिकल, आणि दोन्ही. एलईडी वापरा आणि पॉवर मीटरनं मोजा, ५० मिलिवॅट दर चौरस सेंटीमीटरला १० मिनिटं म्हणजे ३० ज्यूल. हे मोजलेलं नसेल तर पुढचा आकडा कोणी विचारात घेत नाही, आणि घेऊही नये.

दुसरं, स्टॅफ (स्टॅफिलोकोकस जंतू) मेला म्हणून पेढे वाटू नका, तो लवकरच मरतो. स्युडोमोनास या दुसऱ्या जंतूला बाहेरून आणखी एक मेम्ब्रेन असते, तिथे पॉझिटिव्ह चार्जचा पदार्थ लागतो. आणि ९९.९ टक्के मेले म्हणजे फक्त ३ लॉग (एक लॉग म्हणजे दहापट कमी), १० कोटीतले १ लाख अजून जितेच आहेत. आपल्याकडे कडुनिंब, तुळस, संत्र्याची सालं यांच्या अर्कातून, नुसतं पानाचं नाव बदलत, नॅनोपार्टिकल करायची लाट आहे, मला विचाराल तर एमएस्सी प्रोजेक्टपुरतं ठीक, पीएचडी त्यावर नको.

लाल उजेड चामडीत काही मिलिमीटरच जातो, म्हणून हे जखमा, दात, चामडीसाठी. माझ्या आत्याच्या शुगरच्या पायाच्या जखमेसारखं काही, रक्तातल्या इन्फेक्शनला नाही.

यायचं तर सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेसची परीक्षा द्या, जेआरएफ (रिसर्च करणाऱ्याला मिळणारी फेलोशिप) लागली तर सध्या महिन्याला ३७,००० आणि घरभाडं वेगळं. नाही लागली तर प्रोजेक्टवरच्या जागा बघा, मीही तसाच घुसलो. बारावीचं फिजिक्स टाकून दिलं असेल तर परत काढा, स्पेक्ट्रम (कोणत्या रंगाचा उजेड किती प्यायला त्याचा आलेख) वाचता येत नसेल तर इथे रडू येतं. आणि खोलीतली ट्यूबलाइटसुद्धा उजेडच आहे, सॅम्पलची ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळूनच न्या. घरी आलो की बहीण पोळ्यांचा फॉइल लपवून ठेवते.