कोतोमिली म्हणजे कोथिंबीर: मॉरिशसला नव्याने येणाऱ्यांसाठी

"तिथे आपली माणसं आहेत ना?" मॉरिशसला बदली झालेल्या, नोकरी लागलेल्या किंवा लग्न होऊन येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. आहेत, भरपूर आहेत. पण कात्र बॉर्न या इथल्या शहरात चौदा वर्षं काढल्यावर एक सांगते: इथे सगळं ओळखीचं दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. विमानातून ऊस, नारळ, हिरवे डोंगर दिसले की कोकणात उतरतोय असं वाटतं. कौलं मात्र शोधू नका. 1960 च्या कॅरोल वादळाने घरं उडवली, त्यानंतर सगळं बेट काँक्रीटच्या सपाट छपरांकडे वळलं.

आधी कागदपत्रं. फिरायला येणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत, आणि निघण्यापूर्वी प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. बऱ्याच नोकऱ्यांसाठी 'ऑक्युपेशन परमिट' लागतं, त्यात काम आणि राहणं दोन्हीची परवानगी एकत्र असते. "आधी टुरिस्ट म्हणून येतो, मग बघू" हा विचार इथे चालत नाही. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा, विशेषतः झोपेच्या गोळ्यांची. रोपं, बिया काहीही आणू नका. एका मैत्रिणीने डब्यात मातीसकट कढीपत्त्याचं रोप आणलं होतं, ते विमानतळावरच राहिलं. आणि कढीपत्ता काय, इथल्या प्रत्येक बाजारात मिळतो! फक्त त्याला 'कारीपुले' म्हणायचं.

बाजाराचं जरा सविस्तर सांगते, कारण खरा संसार तिथेच लागतो. कात्र बॉर्नचा भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, गुरुवारी आणि रविवारी तिथेच कपडे. कोथिंबीर म्हणजे कोतोमिली, भेंडी म्हणजे लालो, वांगं ब्रेंझेल, कारलं मार्गोझ, दोडका पिपांगाय. कुठल्याही पालेभाजीला 'ब्रेद' म्हणतात. 'ब्रेद मुरुम' ऐकून मी पहिल्या दिवशी पळालेच होते. जवळ जाऊन बघितलं तर शेवग्याचा पाला! अळूला ब्रेद सोंज म्हणतात, वड्यांसाठी मोठी पानं हवीत असं खुणेने दाखवा. भाव बऱ्याचदा 'लिव्ह'वर सांगतात, म्हणजे अर्धा किलो. मी दोन महिने किलोचाच भाव समजत होते आणि स्वस्ताईचं कौतुक घरी फोनवर करत होते.

नाक्यानाक्यावर पेटीत ढोलपुरी विकणारे दिसतील. ही डाळ वाटून भरलेली पातळ, मऊ पोळी. गोड मुळीच नाही, पुरणपोळीची अपेक्षा ठेवू नका. ती एकटी मिळत नाही, 'एन पेर' म्हणजे जोडीनेच. आत वालासारख्या बियांची रस्साभाजी, 'रुगाय' म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा आणि मिरचीची चटणी. मिरची नको असेल तर आधीच सांगा, इथल्या छोट्या मिरच्या लवंगीची थोरली बहीण आहेत. शाकाहारी असाल तर मात्र नीट विचारून घ्या, कारण 'थोडंसंच मटण आहे' असं उत्तर देणारे भेटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्ये शिरलात की 'बोंझूर' म्हणा. आपण काउंटरवर जाऊन थेट "अमुक द्या" म्हणतो, त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. इथे तो उद्धटपणा. सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, पण माणसं बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली. इंग्रजीवर काम भागतं, पण ओळखी क्रिओलवरच होतात. 'कि मान्येर?' म्हणजे 'कसं काय?' विचारलं की 'कोरेक', म्हणजे 'ठीक', म्हणायचं, एवढ्याने सुरुवात होते.

आणि आपल्या माणसांबद्दल. 1834 पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, इथे येऊ लागले. ते उतरत ती जागा, राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, आता जागतिक वारसास्थळ आहे. त्यात मुंबई बंदरातून आलेले कोकणातले, देशावरचे लोक होते. नोंदणी करताना आडनावांची मोडतोड झाली, कित्येकांच्या आजोबांचं नावच आडनाव झालं. त्यामुळे आडनावावरून मराठी माणूस ओळखायला जाल तर चुकाल. मराठी शाळेत शिकवली जाते, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत तिचा विभाग आहे, पण घरात बहुतेकांच्या तोंडी क्रिओलच. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, मात्र ती अनेकदा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पडते, रजा टाकण्याआधी इथलं कॅलेंडर बघा. विसर्जनाला 'झाकरी' नाचतात, ती आपली कोकणातली जाखडीच. पहिल्या वर्षी एका आजींचा आरतीतला उच्चार मी मोठ्या आगाऊपणे दुरुस्त केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पणजीने असंच शिकवलं." पणजी बोटीने आलेली, मी विमानाने. तेव्हापासून गप्प बसून टाळ्या वाजवते.

वादळाचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, कधी मे. इथे इशाऱ्याचे चार 'क्लास' असतात. एक लागला की पाणी भरा, मेणबत्त्या, बॅटरी, पाव, डाळ-तांदूळ बघून घ्या. दोनला बाहेरची कामं उरका. तीनला घरातून हलायचं नाही, चार म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत आलेच. मधेच वारा पडला, लख्ख शांत झालं, तर गच्चीवर जाऊ नका. तो वादळाचा डोळा असतो, थोड्या वेळाने उलट्या दिशेने वारा येतो. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. पुण्या-मुंबईचा पाऊस बघितलाय म्हणून "एवढ्याने काय होतंय" असं म्हणू नका.

समुद्राचंही तसंच. प्रवाळाची भिंत असेल तिथे पाणी तळ्यासारखं. दक्षिणेला ग्री-ग्रीच्या किनाऱ्याला ती तुटते, तिथे फक्त उभं राहून बघायचं. पाण्यात चपला घाला, दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो.

उरलेलं पटकन. घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे. थंडी जून ते सप्टेंबर. उंचावरच्या, दमट क्यूरपीपला घर घेताय तर स्वेटर आणि बुरशीची तयारी ठेवा, भाडं कमी असण्याचं कारण तेच. प्लग ब्रिटिश तीन पिनांचे. गाडी डावीकडून. मेट्रो पोर्ट लुई ते क्यूरपीप छान आहे, गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर संपतात. फेब्रुवारी 2024 पासून यूपीआय सुरू झालंय, तरी बाजारात रोख न्या. इथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांचा, पण दर वस्तूचा गुणाकार करत बसाल तर काहीच विकत घेणार नाही. डिसेंबरात कायद्याने तेराव्या महिन्याचा पगार मिळतो, करारात तो आहे ना ते बघून घ्या. रुग्णवाहिका 114, अग्निशमन 115, पोलीस 999. फ्रिजवर लिहून चिकटवा.

आणि गोडा मसाला आणा. तो मात्र इथे कुठल्याच नावाने मिळाला नाही.