तिथी पाहून आक्षी, ऊन पाहून फणसाड

सकाळी अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर पक्षी आणि दुपारपर्यंत मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात फुलपाखरे, असा बेत मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आखावा. तेव्हा हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात आणि त्यांच्या पिसाऱ्यावर विणीचे रंग चढू लागलेले असतात. मात्र रविवार मोकळा आहे का, हे पाहण्याआधी तिथी पाहावी.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ठोकताळा म्हणजे तिथीची पाऊणपट. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणून नऊच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. हा अंदाज थोडाफार चुकतो, त्यामुळे भरती-ओहोटीचे कोष्टकही ताडून घ्यावे. मी एकदा अष्टमीला अकरा वाजता पोचलो, तर पाणी इतके ओसरले होते की दुर्बिणीतूनही चिखल्या आणि तुतवार हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी सारखेच काळे ठिपके दिसत होते. एकादशी ते त्रयोदशी, पंधरवडा शुक्ल असो वा कृष्ण, सकाळी चढते पाणी मिळते. साडेसहालाच सुरूच्या बनाच्या कडेला बसावे आणि पक्ष्यांमागे धावू नये, कारण भरतीच त्यांना आपल्याकडे ढकलत आणते. किनारा पश्चिमेकडे असल्याने सूर्य पाठीशी राहतो आणि रंग स्वच्छ दिसतात.

कुरवांच्या (इंग्रजीत गल) थव्यात डोक्याच्या रंगावर विसंबू नये; विणीच्या पिसाऱ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोकेही चॉकलेटीच असते. पक्षी उडाला की पंखाचे टोक पाहावे. टोकाच्या काळ्या भागात पांढरे डाग दिसले, तर तो तपकिरी डोक्याचा कुरव होय. कालवफोड्या (ऑयस्टरकॅचर) हा पक्षी मात्र लांब नारिंगी-लाल चोचीमुळे नवख्यालाही चुकत नाही.

नऊनंतर फणसाडकडे निघावे. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात; त्यांतल्या एकाचे नाव चिखलगाण आहे, आणि फुलपाखरांना उन्हाळ्यात नेमका चिखलच हवा असतो. ओल्या मातीतले क्षार शोषायला बहुतेक नरच उतरतात. काठ न तुडवता, आपली सावली मातीवर पडणार नाही अशा बेताने, दोन-तीन मीटर अंतरावर बसावे. म्हणूनच इतक्या जवळचे स्पष्ट दाखवणारी ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्यावी.

रुईची झुडपे दिसली, तर तिथे थोडे रेंगाळावे. रुईवर वाढणारे तांबूस-केशरी प्लेन टायगर फुलपाखरू बेचव असल्याने पक्षी त्याला टाळतात आणि डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचे सोंग घेते. पंख उघडेपर्यंत थांबावे: मागच्या पंखाच्या मध्याजवळ तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, आणि वरच्या कडेशी एकच ठिपका असला तर सोंग घेतलेली मादी.