दुसरं मांजर घरी येण्याआधी

मोठं झालेलं मांजर दत्तक घ्यायचं ठरलं की लोक आधी वाडगे आणि खेळणी आणतात. माझी तयारी दारापासून सुरू होते. आधी ठरवा, दोन-तीन आठवडे दार लावून नव्या मांजराला कुठली खोली देता येईल? आधीच्या मांजराची झोपायची लाडकी खोली नको. आम्ही पहिल्या वेळी खोलीच ठेवली नव्हती. बोका नऊ वर्षांचा, आलेली भाटी चार वर्षांची, दोघं मोठी आहेत, जुळवून घेतील, असं वाटलं आणि पिंजरा थेट हॉलमध्ये उघडला. ती दोन दिवस फ्रिजमागे बसून राहिली आणि बोका सोफ्याच्या कोपऱ्यावर मुतू लागला. मग सगळं पहिल्यापासून केलं, त्याला सात आठवडे लागले. त्या दोघांना झालेला त्रास मला अजून आठवतो, म्हणून हे लिहितेय.

तारीखही बघून ठरवा. दिवाळीचे फटाके, गणपतीचे पाहुणे किंवा घराचं रंगकाम चालू असताना नवं मांजर आणू नका.

आणण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडे एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया (मांजरांतले दोन संसर्गजन्य विषाणू-आजार) यांची रक्ततपासणी, ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस, जंत, पिसवा आणि गजकर्ण हे सगळं बघून घ्या. घरातल्याचीही लस राहिली असेल तर तीही आत्ताच. दोघांची नसबंदी झालेली हवी. बोक्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर अंगातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात, तेवढे थांबा.

आता वासाचं. मांजराची ओळख आधी नाकाने होते, डोळ्यांनी नंतर, आणि माझ्या मते अर्धी भांडणं माणसं हा क्रम उलटवतात म्हणून होतात. जिथून मांजर आणताय तिथलं तिच्या अंथरुणाचं फडकं मागून घ्या, धुऊ नका. दोन जुने सुती मोजे काढून ठेवा. एकाने नव्या मांजराचे गाल चोळायचे, दुसऱ्याने घरातल्याचे, कारण गालांत वासाच्या ग्रंथी असतात. मग मोजे अदलाबदल करून जेवणाच्या वाडग्यापासून थोडे दूर ठेवायचे. हुंगून जेवायला लागली तर पुढे जा, फिस्कारली तर मोजा लांब सरकवा. घरातलं फिनाईल मात्र बंद करा. त्यातली फिनॉल वर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. लघवीच्या डागासाठी एन्झाइमवालं क्लीनर आणा. साध्या साबणाने आपल्याला वास येईनासा होतो, मांजराला येतच राहतो.

जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, सुरुवातीला दारापासून चांगलं लांब. दोघं निवांत खातायत असं दिसलं की रोज अर्धी फरशी पुढे. वाडगे दाराशी पोचले की मग दार उघडून मध्ये जाळी. बाल्कनीला जाळी बसवणाऱ्याकडून दाराच्या मापाची पक्की फ्रेम आधीच करून घ्या. मच्छरदाणीची जाळी एका पंजात फाटते.

ट्रे दोन मांजरांना तीन, आणि वेगवेगळ्या जागी. तिन्ही ओळीने मांडले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा. हे मी आग्रहाने सांगते, कारण मांजरांची दादागिरी बहुतेक वेळा बिनआवाजाची असते. बोका पॅसेजमध्ये नुसता बसतो, टक लावून बघतो, आणि ती ट्रेपर्यंत जातच नाही. आपल्याला वाटतं, किती शहाण्यासारखा बसलाय! म्हणून ट्रे, पाणी, वाडगा कुठलंच बंद कोपऱ्यात नको, जायला-यायला दोन वाटा हव्यात. उंचीवरच्या जागाही वाढवा. कपाटावरची खोकी उतरवून तिथे गोधडी घाला, माळ्यावर चढायला फळ्या ठोका.

समोरासमोर भेटवताना हाताशी जाड टॉवेल आणि पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ठेवा. गुरगुरणं, फिस्कारणं चालायचंच, त्यासाठी ओरडू नका. जुंपलीच तर मध्ये पुठ्ठा सरकवा, हात घालू नका. तुम्हाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन आपल्या डॉक्टरकडे जा. दोघं घरात एकटी असताना आणि रात्री, अजून बरेच दिवस दार बंदच.

मांजरांच्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावा. कुणी चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा. बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर फोनवर थांबू नका, लगेच घेऊन निघा, त्यात जीव जाऊ शकतो.

आमची दोघं आजही एकमेकांना बिलगून झोपत नाहीत. पॅसेजमध्ये समोरासमोर आली की तो थोडा बाजूला होतो आणि ती शेपटी वर करून पुढे जाते. तिसरा ट्रे आम्ही अजून काढलेला नाही.