थेट हाताखालची माणसं कमी करताना

एका मॅनेजरकडे 14 जण थेट रिपोर्ट करत असतील, तर दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास बोलण्यातच 7 तास जातात. मग त्या भेटी रद्द होऊ लागतात, आणि रजेचे अर्जसुद्धा अडकून पडतात.

अशा वेळी मध्ये टीम लीड नेमून काही जणांना त्याच्या हाताखाली द्यावं लागतं. पण त्यासाठी टीमचे समान भाग पाडू नका. लोक अडल्यावर आधी कोणाकडे जातात ते बघा. टीम लीड बहुतेक तिथेच सापडतो. पण त्याला माणसं सांभाळायची हौस आहे का, हे विचारून घ्या. उत्तम काम करणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच असं नाही. त्याच्याकडे चार-पाच जण तरी द्या, एकदोघांसाठी नवी पायरी उभी करण्यात अर्थ नाही.

नुसतं पद देऊन भागत नाही. रजा मंजूर करणं, कामाचं वाटप, वार्षिक मूल्यमापन हे सगळं लेखी त्याच्याकडे सोपवा, एचआरच्या सिस्टीममध्येही नाव बदला. मूल्यमापन तोंडावर आलं असेल तर ते उरकूनच बदल करा.

या बदलाची ईमेल सगळ्यांना जाण्याआधी प्रत्येकाशी स्वतः बोला, नाहीतर ‘आपली पायरी उतरवली’ असं वाटतं. नंतरही कुणी सवयीने तुमच्याकडे आलं, तर उत्तर देण्याआधी विचारा, ‘लीडशी बोललास का?’