‘कोॲग्युलेट’ला सरसकट ‘घट्ट होणे’ म्हणू नका

भाषांतराच्या वर्गात दरवर्षी मुलं ‘कोॲग्युलेट’ या इंग्रजी शब्दाला अडखळतात. मोबाइलवर ‘घट्ट होणे’ हा पहिला अर्थ दिसला की तो उचलायचा आणि पुढच्या वाक्याकडे पळायचं. ही घाई मला मुळीच सहन होत नाही. नेमकं काय घट्ट झालं, एवढं तरी थांबून विचारायला हवं. द्रवातले बारीक कण एकमेकांना धरतात, त्यांच्या गुठळ्या होतात, हा कोॲग्युलेटचा गाभा आहे.

रक्ताच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. माझ्या मावशीच्या हृदयाची झडप बदलली, त्यानंतर तिला वॉरफरिन सुरू झालं. हाती आलेल्या मराठी पत्रकात ‘रक्त पातळ करणारी गोळी’ एवढंच होतं. रक्त पातळ झालं म्हणजे अंगातली ताकद गेली, असं तिने धरलं आणि रक्त भरून यावं म्हणून रोज वाटी वाटी पालक खायला लागली. पालकात के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि वॉरफरिन त्याच जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. पुढच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खाली आलेला, म्हणजे गुठळीचा धोका वाढलेला. डॉक्टरांनी “आजी, जेवणात काय बदललंत?” असं विचारलं तेव्हा उलगडा झाला. या गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही, ते साकळायला जास्त वेळ लागतो, इतकंच. तेव्हापासून अँटिकोॲग्युलंटला मी ‘रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध’ असंच लिहिते, पत्रकात जागा कितीही कमी असो. ‘रक्त गोठणे’ रूढ आहे, चूक नाही. पण गोठण्यात थंडी डोकावते, म्हणून मला ‘साकळणे’ जवळचं वाटतं.

पाणीपुरवठ्यावरच्या उताऱ्यात ‘तुरटीने पाणी घट्ट होते’ असं लिहिलेलं मी कितीदा तरी खोडलंय. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली घरी पाहिली नाही का? गाळाचे कण एकत्र येतात, जड होऊन तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं.

स्वयंपाकघरात तर आपल्याकडे एकेका गोष्टीला वेगळं क्रियापद आहे. रस्सा दाट होतो, तिथे इंग्रजीत ‘थिकन’. बासुंदीचं दूध आटतं, कारण पाणी उडून जातं. थंडीत तूप थिजतं, पण वाटी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतं. यातलं काहीच कोॲग्युलेट नव्हे. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, हे कोॲग्युलेट. उकडलेलं अंडं कितीही तापवलं तरी परत पातळ होत नाही, हे लक्षात ठेवा.

उच्चार को-ॲग्-यु-लेट, ‘कॅग्युलेट’ नाही.

आणि इंग्रजी वाक्यात त्याच्या आधी ‘बिकम’ जोडू नका. तो मुळातच क्रियापद आहे: रक्त आपोआप साकळलं तरी कोॲग्युलेट, लिंबाने दूध फाडलं तरी कोॲग्युलेटच.