लिहायला वेंगुर्ल्याला येणार असाल तर

दिवाळी अंक बाहेर पडले की दरवर्षी मला दोन-तीन फोन येतात. बहुतेक मुंबई-पुण्याचे. "समुद्राजवळ एखादी खोली मिळेल का? शांतपणे कादंबरी पुरी करायची आहे." खोली मिळते, त्याची काळजी नको. पण नुसती खोली शोधत येऊ नका. मी डोंबिवलीहून आले ती चार महिन्यांसाठी, त्याला आता सहा वर्षं होतील. पहिल्या महिन्यात खिडकीत बसून अकरा पानं लिहिली. सगळी समुद्रावर, आणि त्यात एक माणूस नाही. पुढे जे काही हातून लिहून झालं ते इथल्या माणसांमुळे. ती कशी भेटतात ते सांगते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात या. पर्यटक परतलेले असतात आणि घरोघरी आगोटीची घाई चाललेली असते. सुकी मासळी, मीठ-मिरची, लाकूडफाटा, सगळं पावसाआधी घरात यायला हवं असतं. तुम्हीही हात लावा. त्या आठ दिवसांत जेवढी ओळख होते तेवढी डिसेंबरात दोन महिने राहून होत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. होड्या वर ओढून झाकून ठेवतात आणि एरवी ज्यांना बोलायला सवड नसते ती माणसं सावलीला जाळी सांधत बसलेली दिसतात. जवळ जाऊन बसा. वही काढू नका, निदान पहिले काही दिवस तरी.

अशाच एका दुपारी मी माझी कथा तोंडी सांगितली होती. त्यात एक माणूस अष्टमीच्या रात्री मोठ्या भरतीत सापडतो. ऐकणाऱ्यांतले एक म्हातारे आजोबा जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "अष्टमीक भांग आसता गो बाय. पाणी इतक्या वर चढतला खंयसून?" उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तिला जोर नसतो, हे इथल्या पोरालाही ठाऊक. मी कथा अमावास्येवर नेली. पाणी वाढलं आणि काळोखही मिळाला. त्या काळोखात बायकोला त्याची फक्त हाक ऐकू येते, हा प्रसंग मला त्यानंतर सुचला. कुठल्याही संपादकाने मला इतकं दिलेलं नाही.

राहायला बंद बंगला घेऊ नका. ज्या घरात चूल पेटते अशा घरातली एक खोली घ्या. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी बांगड्याचं तिकलं, जे शिजेल ते जेवा. संध्याकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसा, गजालींना, गप्पांना तिथेच रंग चढतो. कुठल्या वेळात लिहिता ते घरच्या काकींना पहिल्याच दिवशी सांगून टाका, मग त्या वेळेला त्याच कुणाला दाराशी फिरकू देत नाहीत. चिऱ्याच्या भिंती पावसात ओल धरतात. कागद मऊ पडतो, शाई फुटते. बॉलपेन वापरा, वह्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वीज असेल तेव्हा लॅपटॉप भरून घ्या.

मग वाचनालय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं १८६४ चं. या पट्ट्यात वाचण्याची सवय जुनी आहे. वेंगुर्ल्याच्या वाचनालयानेही दीडशे वर्षं ओलांडली आहेत. मंगेश पाडगांवकर जन्मले ते याच गावात, १९२९ साली. रोज एकाच वेळेला जा, वर्तमानपत्र वाचा आणि घरी या. कुणाशी ओळख काढायला जाऊ नका. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "खंयचे तुम्ही?"

त्यानंतर उपयोगी पडा. लिहिणाऱ्याला हे जमण्यासारखं असतं. मी वार्षिक अहवालाची मुद्रितं तपासली, जत्रेच्या पत्रिकेचा मजकूर लिहिला, पीकविम्याचे अर्ज भरून दिले. वि. स. खांडेकर मूळचे सांगलीचे. १९२० साली जवळच्या शिरोड्याला शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. मिठागरांच्या त्या गावात ते आधी मास्तर होते. शिरोड्याला जाते तेव्हा मला हेच आठवतं, की गावाला त्यांचं काम होतं. तुमचंही गावाला काहीतरी काम असू द्या.

आमचा शनिवारचा गट या कामांतूनच जमला. ग्रंथपाल ताई, निवृत्त गुरुजी, काजूच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी, आणखी तीन-चार जण. पद्धत एकच: एकाने दोन पानं मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी मनात काय राहिलं तेवढंच सांगायचं. छान-वाईट म्हणायचं नाही. काय राहिलं नाही ते लिहिणाऱ्याला आपोआप कळतं. तुमच्या गावात असा गट नसेल तर दोघांवर सुरू करा.

कार्तिकापासून जत्रा लागतात. तोवर थांबणं जमत असेल तर नक्की थांबा, कारण संवाद लिहायला शिकायची मला माहीत असलेली सगळ्यांत चांगली जागा म्हणजे दशावतार. नाटक उशिरा रात्री उभं राहतं, पण तुम्ही लवकर जा आणि परवानगी घेऊन रंगपटात कोपऱ्यात बसा. पेटाऱ्याला टेकवलेला छोटा आरसा, त्यात बघून प्रत्येक जण आपलं तोंड आपणच रंगवतो. तो रंगत असतानाच आख्यान ठरतं. कोण कुठे येणार, भांडण कशावरून, युद्ध कधी, एवढंच. लिहिलेली संहिता नसते. आधी आडदशावतार होतो: गणपती, सरस्वती, मग संकासुर येतो आणि मालवणीत बोलून लोकांना हसवतो. त्यानंतर रात्रभर आख्यान. समोर एक लाकडी बाकडा. तोच सिंहासन, तोच डोंगर.

एकदा मी राणीचं काम करणाऱ्या नटाच्या मागेच बसले होते. मिशी काढलेला, पन्नाशीचा माणूस, तोंडात पान. राजाने अनपेक्षित प्रश्न टाकला. हा क्षणभर गप्प राहिला, पदराचं टोक दोन बोटांत फिरवलं आणि मग उत्तर दिलं. त्या गप्प बसण्यात हार्मोनियमवाल्याने एकच सूर धरून ठेवला होता. समोरची गर्दी चिडीचूप. पहाटे दहीकाला झाल्यावर मी त्यांना विचारलं, इतका वेळ का थांबलात? "तो काय इचारता, ता आधी ऐकूक नको?" माझ्या कथांतली माणसं तोवर एकमेकांचं ऐकत नव्हती. घरी येऊन मी एका कथेचे सगळे संवाद पुन्हा लिहिले.

आता एक चूक सांगते, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वहिनींच्या घरातला जमिनीचा वाद मी कथेत घातला. नावं बदलली होती, पण विहीर तीच, फणसही तोच. अंक गावात आला. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त संध्याकाळच्या खळ्यात यायच्या बंद झाल्या. पाच महिने. शेवटी मीच गेले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "इचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं, नीट." आणि मग खरोखरच नीट सांगितलं. मी लिहिलं होतं त्याहून ते कितीतरी खोल होतं. ते मी अजून लिहिलेलं नाही, त्यांनी हो म्हटल्याशिवाय लिहिणारही नाही. छोट्या गावात तुमचा वाचक आणि तुमचं पात्र एकाच विहिरीवर पाणी भरतात. आधी विचारा, लिहून झालं की वाचून दाखवा, आणि नको म्हणाले तर पान बाजूला ठेवा.

येण्यासाठी कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनला उतरा, पुढे एसटी आहे. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, ते आधी बघून घ्या. आमचा गट शनिवारी साडेचारला बसतो. दोन पानं घेऊन या आणि अक्षर मोठं काढा, जूनमध्ये त्या वेळेला बहुधा दिवे गेलेले असतात.